एमएमएसई की मोका? दोन्ही तीसपैकीच, पण गुण सारखे नव्हेत

समजा, वडिलांच्या फायलीत स्मरणशक्ती तपासणाऱ्या चाचणीचा गेल्या वर्षीचा कागद आहे: २७/३०. यंदा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तिथला २२/३०. घरात लगेच कुजबुज सुरू, 'वर्षभरात पाच गुण गेले!' जरा थांबा. आधी कागदाच्या माथ्यावर चाचणीचं नाव काय आहे ते बघा. एमएमएसई आणि मोका या स्मरणशक्ती नि विचारशक्ती तपासायच्या दोन वेगळ्या चाचण्या. पहिली एमएमएसई असेल आणि दुसरी मोका, तर या वजाबाकीला काही अर्थ नाही. एकाच माणसाला एकाच आठवड्यात दोन्ही दिल्या तरी एवढा फरक पडू शकतो.

एमएमएसई १९७५ सालची, फोल्स्टीन दांपत्य आणि मॅक्ह्यू यांनी तयार केलेली. तीसपैकी दहा गुण तर आज वार कोणता, तारीख काय, आपण कुठल्या गावात, कितव्या मजल्यावर आहोत, एवढ्यालाच. शिवाय तीन शब्द लक्षात ठेवायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे. निवृत्त हेडमास्तर विसरभोळे झाले तरी यातून सहज पार पडतात. सुरुवातीची घसरण इथे बरेचदा निसटते.

त्यासाठीच मॉन्ट्रियलच्या झियाद नासरेद्दिन यांनी मोका आणली (२००५). इथे शब्द तीन नाहीत, पाच. तेही मधे इतर कामं उरकून, कोणी आठवण न करून देता सांगायचे. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायचं, आकडे आणि अक्षरं आलटूनपालटून रेघेने जोडायची. ही नियोजनाची परीक्षा. जुन्या आठवणी खणखणीत असलेल्या माणसाचाही बँकेचा फॉर्म भरताना जो गोंधळ उडतो, तो इथे पकडला जातो. म्हणून उंबरठेही वेगळे: एमएमएसईत साधारण २४ च्या खाली शंका घेतात, मोकात २६ च्या खाली.

शाळेचा प्रश्न मात्र दोन्हीकडे आडवा येतो. मोकात शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. माझ्या मते ही खिरापत झाली. जिने कधी पेन्सिलच धरली नाही, त्या आजीला मोकातला घन (ठोकळ्याचं चित्र) काढायला लावून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी एमएमएसईची हिंदी आवृत्ती केली, तेव्हा ही अडचण मुळापासून सोडवली. मूळ चाचणीतलं 'डोळे मिटा' हे वाचून करायच्या ऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा'. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं.

यातल्या कुठल्याच आकड्यावरून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) ठरत नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही गुण घसरतात. घरी विसरलेला चष्मा किंवा कानाचं मशीन तर हमखास. चाचणी चालू असताना मागे बसून 'बाबा, आज गुरुवार ना!' असं सुचवू नका. पुढच्या वेळी तीच चाचणी मागा, आणि जुना कागद सोबत न्या.