ऑनलाइन पेमेंट स्वीकृती (भारत)

ऑनलाइन पेमेंट स्वीकृती : विक्रेत्याने किंवा सेवा देणाऱ्याने आपल्या संकेतस्थळावर वा अ‍ॅपवर ग्राहकाकडून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय किंवा वॉलेटने पैसे घेणे आणि ते कायद्याने आखून दिलेल्या वाटेने आपल्या बँक खात्यात जमा करून घेणे. भारतात या व्यवहारांवर मुख्यतः भारतीय रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. तिचे हे अधिकार पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ या कायद्यातून आले असून तो ऑगस्ट २००८ मध्ये अमलात आला. ‘पेमेंट’साठी ‘देयक’ हा शब्द काही ठिकाणी वापरला जातो. परंतु मराठीत देयक म्हणजे बिल, म्हणजे पैसे देण्याआधीचा कागद, असा अर्थ रूढ असल्याने या नोंदीत पेमेंट हाच शब्द ठेवला आहे.

या क्षेत्रातले बरेचसे नियम एकाच प्रश्नातून निघाले आहेत. ग्राहकाच्या खात्यातून निघालेले, पण विक्रेत्याच्या खात्यात अजून न पोहोचलेले पैसे त्या मधल्या काळात कोणाचे? दुकानात रोख पैसे मोजून दिले की हा प्रश्न उरत नाही, कारण पैसे आणि माल एकाच वेळी हात बदलतात. ऑनलाइन खरेदीत मात्र पैसे आज जातात, माल चार दिवसांनी येतो आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरी कंपनी उभी असते. ती बुडाली, तिने ते पैसे स्वतःच्या धंद्यात वापरले किंवा विक्रेताच खोटा निघाला, तर नुकसान कोणाचे, हे ठरवून ठेवणे हे नियमनाचे खरे काम आहे.

मध्यस्थ : प्रत्येक लहान विक्रेत्याला प्रत्येक बँकेशी आणि कार्ड कंपनीशी स्वतंत्र करार करणे शक्य नसते. म्हणून अनेक विक्रेत्यांच्या वतीने सर्व मार्गांनी पैसे स्वीकारून, ते एकत्र करून ज्याचे त्याला पोहोचवणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. त्यांना पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. पेमेंट गेटवे त्याहून वेगळा असतो. गेटवे फक्त व्यवहाराची माहिती सुरक्षितपणे इकडून तिकडे नेणारी तांत्रिक यंत्रणा पुरवतो आणि पैशाला हात लावत नाही. बोलण्यात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण कायद्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. ज्याच्या ताब्यात लोकांचे पैसे येतात त्याला रिझर्व्ह बँकेची अधिकृत परवानगी लागते, तर नुसत्या तांत्रिक सेवेला ती लागत नाही. बँका आधीच रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली असल्याने त्यांना या कामासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही.

नियमांची वाटचाल : मध्यस्थांविषयीचा पहिला महत्त्वाचा आदेश २४ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला. त्यानुसार ग्राहकांकडून गोळा झालेली रक्कम मध्यस्थाच्या चालू खात्यात न ठेवता बँकेने चालवलेल्या नोडल खात्यात, म्हणजे फक्त या पैशांसाठी बँकेने ठेवलेल्या खात्यात, ठेवणे बंधनकारक झाले. या व्यवस्थेत नियंत्रण अप्रत्यक्ष होते, कारण रिझर्व्ह बँक बँकेला जबाबदार धरत असे आणि मध्यस्थ कंपनी स्वतः परवान्याच्या कक्षेबाहेर राही. ऑनलाइन खरेदी वाढत गेली तशी ही रचना अपुरी पडू लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने चर्चापत्र काढले आणि १७ मार्च २०२० रोजी अ‍ॅग्रिगेटर व गेटवे यांच्यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार बँकेतर अ‍ॅग्रिगेटर ही भारतात नोंदलेली कंपनी असली पाहिजे, अर्ज करताना तिचे निव्वळ मूल्य किमान १५ कोटी रुपये असले पाहिजे आणि पुढे ठरलेल्या मुदतीत ते २५ कोटींवर गेले पाहिजे. स्वतःची ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपन्यांना पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचे काम त्या धंद्यापासून वेगळे काढावे लागले. परवानगीच्या छाननीला वेळ लागला. काही कंपन्यांना तत्त्वतः मान्यता मिळाल्यानंतरही नवे विक्रेते जोडणे थांबवावे लागले, आणि रेझरपे व कॅशफ्री यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांना अंतिम परवानगी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आधीची विखुरलेली परिपत्रके एकत्र करून नवे निर्देश काढले. त्यांत ऑनलाइन, प्रत्यक्ष दुकानातील आणि सीमापार असे अ‍ॅग्रिगेटरचे तीन प्रकार केले आहेत.

एस्क्रो खाते : या व्यवस्थेचा कणा म्हणजे एस्क्रो खाते. २०२० च्या तत्त्वांनी नोडल खात्याची जागा एस्क्रोला दिली. ग्राहकांकडून आलेली रक्कम अ‍ॅग्रिगेटरने एका शेड्यूल्ड व्यापारी बँकेतील या खात्यातच ठेवायची असते. त्यातून विक्रेत्यांना द्यायचे पैसे, ग्राहकांना द्यायचे रिफंड, ठरलेले कमिशन अशा नेमून दिलेल्या कारणांसाठीच पैसे काढता येतात. पगार, जाहिरात, भाडे यांसाठी त्याला हात लावता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात आलेल्या कलम २३-अ मुळे या रकमेला अधिक भक्कम संरक्षण मिळाले आहे. कंपनी दिवाळखोरीत निघाली तरी या रकमेवर पहिला हक्क ज्यांचे पैसे आहेत त्यांचाच राहतो, कंपनीच्या इतर धनकोंचा नाही. सामान्य विक्रेत्याला हे कलम सहसा ठाऊक नसते, पण त्याची रात्रीची झोप बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते हापूसच्या एका पेटीवरून पाहता येईल. देवगडच्या एखाद्या बागायतदाराने आपल्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी घेतली आणि नागपूरच्या ग्राहकाने ४ एप्रिलला क्रेडिट कार्डाने ३,००० रुपये भरले, असे समजू. ही रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एस्क्रो खात्यात गेली पाहिजे. पेटी पोहोचवण्याची जबाबदारी बागायतदाराची असेल आणि त्याने ६ एप्रिलला पेटी ट्रान्सपोर्टकडे दिल्याचे कळवले, तर २०२० च्या तत्त्वांत ७ एप्रिलपर्यंत त्याचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत, अशी मुदत होती. माल पोहोचवण्याची जबाबदारी अ‍ॅग्रिगेटरने घेतली असेल, तर मुदत माल पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत होती. परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम राखून ठेवायची असे करारात असेल, तर ती मुदत संपल्यावर एका दिवसात पैसे द्यावे लागत. अ‍ॅग्रिगेटरचे शुल्क २ टक्के धरले, तर ६० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १० रुपये ८० पैसे वजा होऊन बागायतदाराच्या खात्यात २,९२९ रुपये २० पैसे जमा होतील. वाटेत आंबा डागाळला आणि पैसे परत करायचे ठरले, तर ग्राहकाने वेगळा मार्ग मान्य केला नसल्यास रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने, म्हणजे त्याच कार्डावर, गेला पाहिजे. पेटी दारात आल्यावर रोख पैसे देण्याचा व्यवहार या तत्त्वांत येत नव्हता, कारण तिथे मधला काळच नसतो.

विक्रेत्याची जबाबदारी : विक्रेत्याला जोडून घेण्यापूर्वी अ‍ॅग्रिगेटरने त्याची केवायसी, म्हणजे ओळखीची कागदोपत्री पडताळणी, करायची असते. धंदा खरा आहे का, पूर्वी फसवणुकीची नोंद आहे का आणि बंदी असलेली किंवा बनावट वस्तू विकली जात नाही ना, हे त्याने तपासायचे असते. संकेतस्थळावर सेवेच्या अटी आणि परताव्याची मुदत स्पष्ट लिहिलेली आहे, याचीही खातरजमा त्याला करावी लागते. अगदी लहान गृहउद्योगाच्या संकेतस्थळावरही तळाशी ‘रिफंड पॉलिसी’चे पान दिसते, त्यामागे मोठा वाटा या अटीचा आहे. ते पान दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून जसेच्या तसे उचलण्याची सवय मात्र घातक आहे, कारण वाद झाला की तेच शब्द विक्रेत्याला बांधतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, सर्व आकारांसह एकूण किंमत आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित असते.

ग्राहकाची ओळख पटवणे : फेब्रुवारी २००९ मधील आदेशाने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी दुसरी खूण सक्तीची झाली. कार्डावर छापलेली माहिती पुरेशी न मानता ग्राहकालाच ठाऊक असलेली किंवा त्याच्याकडेच पोहोचणारी गोष्ट, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी, मागितली जाऊ लागली. या पायरीवर काही ग्राहक गळतात, अशी तक्रार विक्रेत्यांनी वर्षानुवर्षे केली. काही कंपन्यांनी देशातल्या देशात झालेल्या व्यवहाराचे पैसे परदेशी बँकेमार्फत वळवून ही पायरी टाळली, तेव्हा ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने असे व्यवहार भारतातील बँकेमार्फत रुपयातच झाले पाहिजेत, असे बजावले. त्या वेळी हा हट्ट वाटला असला, तरी कार्डाचा क्रमांक चोरीला गेला म्हणून लगेच खाते रिकामे होत नाही, ही आज गृहीत धरलेली सुरक्षितता त्याच हट्टाने मिळवून दिली आहे.

दर महिन्याला आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी, उदाहरणार्थ वर्गणी किंवा विम्याचा हप्ता, ई-मँडेटची वेगळी चौकट आहे. ग्राहकाने एकदा ओळख पटवून संमती द्यायची, प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना मिळायची आणि ठरावीक रकमेपर्यंतच ओटीपीशिवाय पैसे घ्यायचे, अशी ही रीत आहे. ही मर्यादा सुरुवातीला २,००० रुपये होती. पुढे ती ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. म्युच्युअल फंड, विमा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी डिसेंबर २०२३ पासून ती एक लाख रुपये आहे.

१ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला किंवा अ‍ॅग्रिगेटरला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी त्या कार्डासाठी आणि त्या विक्रेत्यापुरता तयार केलेला टोकन नावाचा पर्यायी क्रमांक ठेवला जातो. तो चोरीला गेला तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही. विक्रेत्यांच्या तयारीअभावी ही मुदत अनेकदा पुढे ढकलावी लागली होती.

यूपीआय आणि शुल्क : नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआयने लहान विक्रेत्याचे जग बदलले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर विक्रेत्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारावरचे टक्केवारीतले शुल्क, घेता येत नाही. इतर डेबिट कार्डांवर कमाल मर्यादा आहे, तर क्रेडिट कार्डावर तशी मर्यादा नाही. वर्षाला ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यावसायिकाने हे बिनशुल्क मार्ग उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. शून्य शुल्काचा लाभ दुकानदाराला निर्विवादपणे झाला. मात्र यंत्रणा चालवण्याचा खर्च बँका आणि कंपन्यांनी कोठून भरून काढायचा, हा प्रश्न खराच आहे आणि सरकारी प्रोत्साहन अनुदानाने तो अंशतःच सुटतो.

अनेक गृहउद्योजक अ‍ॅग्रिगेटर न घेता आपला क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि ग्राहकाकडून स्क्रीनशॉट मागवतात. यात पैसे थेट बँकेतून बँकेत जात असल्याने मध्यस्थाचा प्रश्न येत नाही. पण स्क्रीनशॉट हा पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. तो बनावट बनवता येतो, म्हणून माल पाठवण्याआधी आपल्या खात्यातील जमा नोंद पाहणे हीच खात्रीची पद्धत आहे.

माहितीचा साठा आणि परदेशी व्यवहार : ६ एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पेमेंटची संपूर्ण माहिती भारतातच साठवली पाहिजे. हा नियम न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक जोडण्यास मनाई झाली आणि पूर्तता केल्यावरच ती उठली. परदेशातून पैसे घेणाऱ्या विक्रेत्यांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये सीमापार अ‍ॅग्रिगेटरची स्वतंत्र चौकट आली. एका वस्तूची वा सेवेची कमाल रक्कम २५ लाख रुपये असून आयात आणि निर्यात यांचे पैसे वेगवेगळ्या खात्यांत ठेवावे लागतात. अमेरिकेतल्या मराठी वाचकाने पुण्याच्या प्रकाशकाकडून दिवाळी अंक मागवला, तर ती विक्री कितीही लहान असली तरी कायद्याच्या भाषेत निर्यातच असते. त्यामुळे आपला अ‍ॅग्रिगेटर सीमापार कामासाठी अधिकृत आहे की नाही, हे प्रकाशकाने आधी पाहिले पाहिजे. अधिकृत संस्थांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते.

तक्रारी : ‘पैसे कापले गेले, पण ऑर्डर झाली नाही’ ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार ऑनलाइन कार्ड व्यवहारात आणि विक्रेत्याला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते आणि ती ग्राहकाने न मागताही दिली जाणे अपेक्षित आहे. बाहेरच्या कोणी परस्पर पैसे काढले आणि त्यात ग्राहक किंवा बँक यांपैकी कोणाचीच चूक नसेल, तर जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीही भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास तो मर्यादित राहतो. बँकेच्या उत्तराने समाधान झाले नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर नोव्हेंबर २०२१ पासून सुरू असलेल्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेकडे विनाशुल्क दाद मागता येते. पैसे फसवणुकीने गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती गोठवण्याची शक्यता असते.