चालसाहाय्यक यंत्रपोशाख (पार्किन्सन्स)

पार्किन्सन्सच्या रुग्णाचे पाय चालता चालता जागीच थिजू नयेत, म्हणून कमरेला आणि मांड्यांना बांधायचा मोटरवर चालणारा मऊ पोशाख. यात धातूचा सांगाडा नसतो. पट्टे, केबल, सेन्सर आणि छोट्या मोटरी एवढाच त्याचा पसारा.

पार्किन्सन्सला मराठीत कंपवात म्हणतात खरे, पण कंपापेक्षा जास्त हाल करते ते हे थिजणे. माणूस हॉलमधून चालत येतो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी त्याची पावले आखूड होत जातात, गुडघे थरथरतात, तळवे फरशीला चिकटल्यासारखे होतात. वरचे अंग मात्र पुढे गेलेले असते, म्हणून तोल जातो. डोपामीन हे हालचालीचे संदेश वाहणारे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी घटणे हे आजाराचे मूळ. लेव्होडोपा या औषधाने ताठरपणा आटोक्यात आला तरी थिजणे पुष्कळदा उरतेच. मेंदूत इलेक्ट्रोड बसवूनही त्याचा भरवसा देता येत नाही. "अहो, उचला ना पाय!" असे घरच्यांनी म्हणून उपयोग नसतो. घाई केली की पाय आणखी घट्ट बसतात. हा हट्ट नव्हे, आळस तर नव्हेच.

नवल असे की सपाट जमिनीवर अडणारा हाच माणूस जिना सहज चढू शकतो. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हे पाहिले आणि जमिनीवर पायऱ्यांचा आभास देणारे चित्र अंथरले. काका त्यावरून न अडता चालले. आडव्या रेघा किंवा ठेका धरणाऱ्या मेट्रोनोम यंत्राची टिकटिक यांचा उपयोगही असाच, मेंदूला बाहेरून इशारा देण्याचा.

यंत्रपोशाखाची वाट वेगळी आहे: तो थेट पायालाच हात देतो. सेन्सर मांडीची हालचाल टिपतात, त्यावरून पाऊल उचलण्याची वेळ ओळखली जाते आणि नेमक्या त्या क्षणी मोटर केबल ओढते. मांडी किंचित वर, पुढे येते. पाऊल आखूड होत जात नाही. सारे मर्म या वेळ साधण्यात आहे.

हार्वर्डचे कॉनर वॉल्श, बॉस्टन विद्यापीठाच्या टेरी एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग जानेवारी 2024 मध्ये 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. रुग्ण एकच, 73 वर्षांचे गृहस्थ होते. औषधे आणि शस्त्रक्रिया दोन्ही होऊनही दिवसातून दहापेक्षा जास्त वेळा त्यांचे पाय थिजत. ते वारंवार पडत, घराबाहेर तर चालता न येणाऱ्यांसाठीच्या छोट्या स्कूटरवर बसूनच फिरत. पोशाख चढवताच, कसलाही सराव न करता, घरातले थिजणे थांबले. बाहेर ते क्वचितच उरले. चालण्याचे अंतर 55 टक्क्यांनी आणि वेग 25 टक्क्यांनी वाढला. चालता चालता त्यांना बोलताही येऊ लागले, आणि घरच्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत मोठी असावी.

हा प्रयोग सहा महिने चालला, पण एकाच माणसावर, हे विसरता कामा नये. थिजणे प्रत्येकाचे निराळे असते. कोणाचे वळताना, कोणाचे पहिल्याच पावलाला, कोणाचे गर्दीत. त्यामुळे हा पोशाख सर्वांनाच मानवेल असे आजच म्हणता येत नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. घरात पाय थिजतात तेव्हा शुभंकराच्या हाताशी असते ती पावलापावलाच्या अंतराने फरशीवर लावलेली रंगीत चिकटपट्टी, आणि शेजारी उभे राहून घाई न करता म्हटलेले "एक-दोन, एक-दोन".