परदेशात पाणी वापरतच नाहीत?

‘शौचाला पाणी फक्त आपल्याकडे, बाकी जगभर नुसता कागद’ हा मेसेज आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. कागदावर भागवणारे देश आहेतच; ब्रिटन, अमेरिका त्यातले मोठे. सिनेमात आपल्याला तेच दिसतात, म्हणून हा समज पक्का झाला असावा.

पण इटली घ्या. १९७५ च्या सरकारी नियमानुसार तिथे घरातल्या निदान एका बाथरूममध्ये कमोडसोबत ‘बिदे’ लागतोच. बिदे म्हणजे कमोडशेजारचं, तेवढ्याच उंचीचं, नळ असलेलं बेसिन. त्यावर बसून धुवायचं. जपानमध्ये १९८० नंतर पाण्याची धार सोडणारी सीट हळूहळू घरोघर आली. तुर्कस्तानात तर कमोडच्या आतच बारीक नळी असते. आपलं टमरेल काही एकटं नाही!

खात्री करायचीय? रोममधल्या भाड्याच्या घरांचे फोटो नेटवर उघडा. बाथरूममध्ये शेजारी शेजारी दोन भांडी दिसतील. ज्याला नळ आहे, तो बिदे. आमच्या भुसावळच्या मामींनी फोटो बघून विचारलं, “हे पाय धुवायला का रे?” गंमत म्हणजे, तिथले लोक त्यात पायही धुतात.