‘ट्रान्सफरेबल’ वेगळं, ‘आर्टिक्युलेटेड’ वेगळं

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत, मूल दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात असलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “सगळे कोर्स यूसीला ट्रान्सफर होतात, त्यामुळे काळजी नाही.” (यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, जिथे मुलं नंतर जातात.) मला हे ऐकूनच काळजी वाटू लागते, आणि मुलांना सायकॉलॉजीत जायचं असेल तर जास्तच.

ट्रान्सफरेबल म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक असतं: यूसी त्या कोर्सचे युनिट, म्हणजे श्रेयांक, मोजते. तिसऱ्या वर्षाला प्रवेश हवा तर असे 60 सेमिस्टर युनिट लागतात. डी अँझा, फुटहिलसारख्या, सेमिस्टरऐवजी क्वार्टरने चालणाऱ्या कॉलेजांत 90 क्वार्टर युनिट.

आर्टिक्युलेटेडचं तसं नाही. तुमच्या कॉलेजचा अमुक कोर्स त्या विद्यापीठातल्या तमुक कोर्सच्या जागी चालेल, हे लेखी ठरलेलं असतं आणि मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, पूर्वतयारी त्यावरच तपासतात. कोर्स मोजणार का, हा एक प्रश्न. कशाच्या जागी मोजणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ मिळालं की लोक दुसरा विचारतच नाहीत.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीचंच घ्या. इंट्रो (विषयाची ओळख), ॲबनॉर्मल, सोशल, चाइल्ड डेव्हलपमेंट असे सायकॉलॉजीचे चार कोर्स तिने आवडीने केले आणि चारही ठिकाणी ए मिळवला. “हे ट्रान्सफर होतात,” असं कॉलेजातही सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. मग एका संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ‘असिस्ट’ ही असे लेखी करार दाखवणारी साइट उघडली. डावीकडे विद्यापीठाला हवे असलेले कोर्स, उजवीकडे तिच्या कॉलेजातले त्यांच्या जागी चालणारे. उजव्या रकान्यात तिच्या चारपैकी फक्त इंट्रो सापडला. बाकी ओळी बायॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्सच्या, आणि ते तिने घेतलेच नव्हते. तिचा चेहरा पडलेला मला अजून आठवतो.

असं होतं, कारण ॲबनॉर्मल किंवा सोशल सायकॉलॉजी अनेक यूसींमध्ये वरच्या वर्गांत शिकवतात. यूसीएलएत 100 ते 199 क्रमांकाचे कोर्स अप्पर डिव्हिजन, आणि ॲबनॉर्मल तिथे 127च्या गटात येतो. कम्युनिटी कॉलेजचा कोर्स पडतो लोअर डिव्हिजनचा. युनिट मिळतात, पण तो कोर्स तिथल्या 127ची जागा घेत नाही.

शिवाय युनिटांनाही मर्यादा आहे. कम्युनिटी कॉलेजातून जास्तीत जास्त 70 सेमिस्टर युनिट धरले जातात. त्यापुढच्या कोर्सला विषयाचं श्रेय मिळतं, युनिट वाढत नाहीत.

असिस्टवर पान उघडताना कॉलेज, कॅम्पस, मेजर आणि वर्ष हे चारही नीट निवडा. बर्कलीचं पान बघून सॅन डिएगोची तयारी करू नका. दोन कोर्सांमध्ये ‘अँड’ दिसला तर दोन्ही करायचे. अर्ध्या जोडीला काही मिळत नाही.

एडीटी आणि टॅगचा घोळ त्यामानाने किरकोळ. एडीटी (असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर) ही 2010च्या कायद्याने आलेली कम्युनिटी कॉलेजची पदवी. हमी सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) प्रवेशाची, तीही हव्या त्याच कॅम्पसची नाही. टॅग (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) म्हणजे प्रवेशाची हमी, यूसीच्या सहा कॅम्पसांसाठी, त्यातल्या एकाच ठिकाणी, आणि अर्ज सप्टेंबरात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

“आधी जीई उरकू, मेजरचं मग बघू,” हा सल्ला मला अजिबात पटत नाही. (जीई म्हणजे सगळ्यांना घ्यावे लागणारे सामान्य विषय.) यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या शरदातच भरायचा असतो, आणि स्टॅटिस्टिक्सच्या आधी गणिताची तयारी लागली तर एक सेमिस्टर तिथेच जातं. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला इंट्रो आणि गणित किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या, पुढच्याला बायॉलॉजी. ॲबनॉर्मल कितीही खुणावला तरी तो विद्यापीठात गेल्यावर.

त्या मुलीने कॉलेजात तिसरं वर्ष काढलं आणि राहिलेले कोर्स पूर्ण केले. या वेळी नाव नोंदवण्याआधी तिने असिस्टचं पान छापून फ्रिजवर लावलं होतं.