परत आलेलं वजन आणि गोळीनं आणलेलं वजन

नागपूरच्या धंतोलीत आमचं औषधाचं दुकान आहे आणि दाराशी वजनकाटा आहे. माणूस डोकेदुखीची गोळी घ्यायला आला तरी काट्यावर चढतोच. मागच्या उन्हाळ्यात एक काकू एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीची चिठ्ठी घेऊन आल्या. काट्यावरूनच म्हणाल्या, "पाहा भाऊ, तीन महिन्यांत चार किलो वाढलं. बंदच करतो मी आता ही गोळी."

मी विचारलं, "आजाराच्या आधी किती होतं?"

जरा थांबल्या. "बासष्ट."

काटा 61 दाखवत होता.

गोळी सुरू झाली तेव्हा काकू 57 वर आल्या होत्या, आणि त्या मोजत होत्या तिथून. खरं तर 62 चे 57 झाले तीच आजाराची खूण होती. डिप्रेशनमध्ये जेवणावरची वासना उडते, दोन घास खाऊन माणूस ताट सरकवतो. डॉक्टर निदान करताना डाएट न करता महिनाभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन हललं का, हेही पाहतात. मन सावरलं की तोंडाला चव येते, तर्री पोह्यांची दुसरी प्लेट मागवावीशी वाटते. असं परत आलेलं वजन सहसा जुन्या आकड्याच्या आसपास येऊन थांबतं.

गोळीनं आणलेलं वजन मात्र जुना आकडा ओलांडून पुढे जातं. मिर्टाझापिन ही डिप्रेशनचीच एक गोळी शरीरातल्या हिस्टामिन नावाच्या रसायनाचं काम अडवते, म्हणून झोप येते आणि भूक खवळते, त्यातही गोडाची. (ज्याला झोप नाही, जेवण जात नाही, त्याला डॉक्टर मुद्दाम हीच गोळी रात्रीची देतात, तेव्हा तिला वाईट म्हणायचं कारण नाही.) अॅमिट्रिप्टिलिन आणि पॅरोक्सेटिनही वजन वाढवणाऱ्यांतलीच. फ्लुओक्सेटिननं सुरुवातीला उलट भूक कमी होते, आणि बुप्रोपिऑननं वजन बहुधा वाढत नाही, कधी थोडं उतरतं. सर्ट्रालिन आणि एस्सिटालोप्राम या दोन्ही गोळ्या अध्येमध्ये. अमेरिकेत सुमारे 1 लाख 83 हजार लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास 2024 मध्ये आला. त्यात सहा महिन्यांत एस्सिटालोप्रामवाल्यांचं वजन सर्ट्रालिनवाल्यांपेक्षा सरासरी 400 ग्रॅमच जास्त वाढलेलं दिसलं. पण सरासरीवर फार विसंबू नका. कोणाचं तसूभर हलत नाही, तर कोणाचं सहा किलो वाढतं.

उलटी गफलतही होते, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. एक पोरगा वर्षभर मिर्टाझापिन नेत होता. आजाराआधी 71, आजारात 66, आता 79. घरचे खूश, "मूठभर मांस चढलं अंगावर." 71 पर्यंतचं मांस त्याचं स्वतःचं होतं हो, वरचे आठ किलो कुठून आले ते डॉक्टरांना विचारायला नको का?

काही जणांना डिप्रेशनमध्ये भूक मरत नाही, वाढते. तिथे आजाराआधीच्या आकड्याचा हिशेब इतका सरळ लागत नाही. कधी चिठ्ठीत सोबत ओलान्झापिन असतं. ते वेगळ्या जातीचं औषध, वजन वाढवण्यात पटाईत, आणि बोल मात्र डिप्रेशनच्या गोळीला लागतो. थायरॉइड मंदावला तरी थकवा न् वजन दोन्ही येतात, म्हणून डॉक्टर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगतात.

जुना आकडा आठवत नसेल तर मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या जुन्या ओपीडी कार्डावर सापडतो. नाहीच सापडला तर पट्ट्याचं भोक पाहा. कुठलं भोक झिजलंय आणि आज कुठलं लागतं, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांना पुष्कळ कळतं. वजन मात्र एकाच काट्यावर, सकाळी, चपला काढून घ्या आणि तारखेसकट फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहा.

गोळी मनानं सोडू नका. एकदम बंद केली तर गरगरतं, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये तर जास्तच. शिवाय आजार उलटतो तो वेगळाच. डॉक्टर डोस हळूहळू उतरवू शकतात, गोळी बदलू शकतात.

काकूंनी त्या दिवशी महिन्याच्या गोळ्या नेल्या. पुढच्या खेपेला चपला काढून काट्यावर चढल्या, 62 पाहिलं आणि पर्समधून पेन काढून फाइलवर लिहिलं.