अंतर्भूत कार्बन आणि साठलेला कार्बन: बागेच्या हिशेबातील दोन स्वतंत्र खाती

‘काँक्रीट वापरले खरे, पण झाडेही भरपूर लावली आहेत,’ असे पुण्यातील गृहसंकुलांच्या बागांचे आराखडे मांडताना सहज म्हटले जाते. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

फरशी किंवा पेव्हर ब्लॉक जागेवर बसेपर्यंत, आणि पुढे त्याची दुरुस्ती होऊन तो अखेर तोडला जाईपर्यंत, खाण, भट्टी, वाहतूक व बांधकाम यांतून हवेत जाणारे उत्सर्जन म्हणजे अंतर्भूत कार्बन. नाव काहीही सुचवो, तो त्या वस्तूत नसतो. त्यातील बहुतांश भाग बाग खुली होण्याआधीच वातावरणात मिसळलेला असतो. साठलेला कार्बन मात्र झाडाच्या खोडात, मुळांत आणि मातीत प्रत्यक्ष असतो, वर्षानुवर्षे सावकाश वाढतो आणि झाड तोडून जाळले की परत हवेत जातो.

मोजणी अंदाजपत्रकापासून सुरू करावी: प्रत्येक साहित्याचे वजन गुणिले त्याचा उत्सर्जन गुणांक (म्हणजे किलोमागे होणारे उत्सर्जन), आणि त्यात वाहतुकीची भर. समजा, 100 चौरस मीटरची, 10 सेंटीमीटर जाडीची वाट आहे. घनमीटरला 320 किलो सिमेंट धरल्यास 3,200 किलो सिमेंट लागते. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किलोमागे सुमारे 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एकट्या सिमेंटचे उत्सर्जन जवळपास 2.9 टन होते. एवढ्या वायूत निव्वळ कार्बन सुमारे 0.8 टन असतो आणि कोरड्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणून तेवढा वायू शोषायला झाडांना सुमारे 1.6 टन कोरडे लाकूड वाढवावे लागेल. रोपांना यासाठी अनेक वर्षे लागतात, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून कित्येक रोपे त्याआधीच जळून जातात.

सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक वाटा चुनखडीच्या विघटनातून येत असल्यामुळे केवळ भट्टीचे इंधन बदलून भागत नाही. सिमेंटच कमी करावे लागते. 30 टक्के फ्लाय अॅश (औष्णिक वीज केंद्रातील कोळशाची बारीक राख) असलेले सिमेंट घेतले तर वरचा आकडा सुमारे 2 टनांवर येतो, मात्र त्यासाठी 7 ऐवजी किमान 10 दिवस पाणी मारण्याची शिस्त हवी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पायी चालण्याच्या वाटेला काँक्रीट न वापरता मुरूम दाबून घेणे, किंवा जवळच्या खाणीतील काळा बेसाल्ट अथवा जुन्या वाड्यातून निघालेली शहाबादी फरशी वाळूच्या थरावर बसवणे. अशी फरशी उद्या उचलून दुसरीकडे वापरता येते.

दुसऱ्या, म्हणजे साठलेल्या कार्बनच्या, खात्यासाठी सर्वांत मोलाचे आहे ते जागेवरचे जुने झाड. वड किंवा कडुनिंब वाचवण्यासाठी वाट वळवावी आणि बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी. त्या झाडातील कार्बन आजच साठलेला आहे. नव्या रोपांचा साठा मात्र ज्या त्या वर्षापुढे लिहावा, पहिल्या वर्षाच्या उत्सर्जनातून एकरकमी वजा करू नये.