अळवावरचं पाणी आणि बॉनेटवरचे मणी

मार्चमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरचे काका चार छापील पानं घेऊन वर आले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाने गाड्यांच्या वॅक्सची, म्हणजे रंगाच्या पत्र्याला चोळायच्या मेणाची, तुलना करून दिलेले गुण त्याने पाठवले होते. एकेका वॅक्ससमोर रकाने होते : सफाई, चकाकी, टिकाऊपणा, लावायला सोपं की कठीण, प्लॅस्टिकवर डाग राहतो का. “तू फिजिक्स शिकवतोस ना, मग सांग,” काका म्हणाले, “मुलगा मे महिन्यात बडोद्याला येतोय. यातलं एक नंबरचं आणायला सांगू का?”

मी आधी काकांना मासिकाबद्दल सांगितलं, कारण तिथे शंकेला जागा कमी आहे. ही संस्था १९३६ सालची. मासिकात कोणाची जाहिरात घेत नाही, आणि तपासायची वस्तू कंपनीकडून फुकट न घेता तुमच्या-माझ्यासारखी दुकानातून विकत घेते. आपल्याकडे अहमदाबादचं ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ १९७८ पासून ग्राहकांसाठी झटतंय. तेही स्वतःच्या प्रयोगशाळेत वस्तूंची तुलना करतं. अशा कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याला बाटली भेट मिळाली आहे त्याच्या व्हिडिओपेक्षा अशा मासिकाचं पान केव्हाही बरं.

माझी अडचण फक्त टिकाऊपणाच्या रकान्याशी आहे. वॅक्स अजून शिल्लक आहे की गेलं, हे बघायची रूढ पद्धत एकच. पत्र्यावर पाणी मारायचं आणि मणी बघायचे. टपोरे, गोल मणी उभे राहिले की वॅक्स शाबूत, पाणी पसरलं की वॅक्स संपलं. वॉश सेंटरवरचा मुलगाही पैसे घ्यायच्या आधी हेच करून दाखवतो. पण हा मणी नेमकं काय सांगतो?

अळूची पानं धुताना सगळ्यांनी पाहिलं असेल, पाणी पानाला चिकटतच नाही, पाऱ्यासारखं घरंगळतं. ‘अळवावरचं पाणी’ हा शब्दप्रयोग करणाऱ्याने निरीक्षण किती बारकाईने केलं होतं! थेंब एखाद्या पृष्ठभागावर बसला की त्याची कड त्या पृष्ठभागाशी एक कोन करते. हा कोन थेंबाच्या आतून मोजायचा, त्याला स्पर्शकोन म्हणतात. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, कोन जवळजवळ शून्य. मेणावर तो १०५ अंशांच्या आसपास. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर १५० च्या वर.

हा कोन ठरतो कसा, ते इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये सांगितलं. थेंबाच्या कडेवरच्या एका बिंदूवर लक्ष द्या. तिथे तीन ओढी लागतात. पाण्याचा स्वतःचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची आक्रसायची ओढ, कडेला थेंबाच्या पृष्ठभागाच्या दिशेने ओढतो, हवा आणि पत्रा यांच्यामधला ताण कडेला बाहेर ओढतो, आणि पाणी व पत्रा यांच्यामधला ताण आत. तिन्हींचा समतोल साधला की कड थांबते. मांडणी सोपी आहे : बाहेरच्या ओढीतून आतली वजा करा, तिला पाण्याच्या पृष्ठताणाने भागा, उत्तर येतं ते स्पर्शकोनाचं कोसाइन, म्हणजे त्रिकोणमितीतलं एक गुणोत्तर, जे कोन ९० च्या पुढे गेला की उणे होतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला साधारण ७२ मिलिन्यूटन. कोन १०५ असेल तर कोसाइन उणे ०.२६. म्हणजे मेणाला पाणी टेकवण्याची किंमत हवा टेकवण्यापेक्षा मीटरला सुमारे १९ मिलिन्यूटन जास्त पडते. म्हणून पाणी मेणाशी कमीत कमी जागेत टेकतं आणि स्वतःशीच गोळा होतं.

आता या समीकरणात काय नाही ते बघा. वॅक्सचा थर किती जाड आहे, हे त्यात कुठेच नाही. थेंबाला फक्त सगळ्यात वरचे रेणू कळतात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं, ते पसरून अर्ध्या एकरावर पाणी आरशासारखं शांत झालं. हे त्यांनी १७७४ मध्ये छापलं. चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर. भागाकार करा : थर येतो अडीच नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणजे एका रेणूच्या उंचीएवढा. इतका पातळ मेणकट थर पत्र्यावर सलग बसला असेल तरी पाण्याचे मणी होऊ शकतात. तुमच्या गाडीच्या रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो साधारण ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे त्या थराच्या सोळा हजार पट जाड. ऊन अडवणारी रसायनं त्या क्लिअर कोटमध्ये मिसळलेली असतात. मणी दिसतात म्हणून उन्हापासून रक्षण होतंय, हा निष्कर्ष मण्यातून निघतच नाही.

उलटी चूकही होते. वॅक्सवर धुळीचा आणि धुराचा थर बसला की थेंबाला धूळच भेटते, मेण भेटत नाही. शॅम्पू नीट निथळला नसेल तर उरलेला साबण पाण्याचा पृष्ठताणच उतरवतो. दोन्ही वेळा पाणी पसरतं आणि परीक्षक लिहितो, ‘वॅक्स गेलं’. ते खाली जागेवर असतं.

नुसतं बोलून काकांचं समाधान होणार नव्हतं, माझंही नव्हतं. मुलगा मे महिन्यात आला, डबा घेऊनच. आम्ही काकांच्या निळ्या वॅगनआरच्या बॉनेटवर मास्किंग टेप लावून चार पट्ट्या पाडल्या. पहिली साबणाने स्वच्छ धुऊन, भरपूर पाण्याने निथळून तशीच ठेवली. दुसरीवर अमेरिकेचं वॅक्स. तिसरीवर इथल्या रावपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं साधं पेस्ट वॅक्स. चौथीवर देवघरातली मेणबत्ती किसून कापडाने घासली आणि चकाकेपर्यंत पुसली. मग ड्रॉपरने प्रत्येक पट्टीवर थेंब ठेवले, मोबाईल बॉनेटच्या पातळीला आडवा धरून फोटो काढले आणि स्क्रीनवर नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावला.

थेंबाचा बाजूने काढलेला फोटो एकदा तरी बघावा. धुतलेल्या पट्टीवर तो पसरट, बत्ताशासारखा. बाकी तिन्हींवर कड आत वळलेली, थेंब स्वतःच्याच सावलीवर टेकलेला. पहिल्या पट्टीवर मला ६५ अंश मिळाले. अमेरिकेच्या वॅक्सवर १०३, रावपुऱ्याच्या वॅक्सवर १०१, मेणबत्तीवर १०४. कोनमापक सरकला तर चार-पाच अंश इकडेतिकडे होतात, त्यामुळे या तिघांत पहिला-दुसरा लावायचा प्रश्नच येत नाही. मेणबत्ती पॅराफिनची, कच्च्या तेलातून निघालेली, काही रुपयांची. गाडीला ती लावू नका. तिला पाणी अडवता येतं, पण ती चोपडी राहते आणि धूळ धरते. मला एवढंच दाखवायचं होतं की मण्यांच्या परीक्षेत तीसुद्धा उत्तीर्ण होते.

तीन आठवडे गाडी उन्हात उभी राहिली. तिन्ही पट्ट्यांवरचे मणी मरगळले. नीट धुतल्यावर दोन पट्ट्यांवर ते परत आले, मेणबत्तीच्या पट्टीवर नाही. मधल्या एका दिवशी आम्ही गुण दिले असते तर वेगळाच क्रम छापला असता.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. थेंब गोल असणं वेगळं आणि घरंगळणं वेगळं. बॉनेट थोडं उतरतं असतं. थेंब खाली सरकायला लागला की पुढच्या कडेचा कोन वाढतो, मागच्या कडेचा घटतो. या दोन कोनांत जितका फरक तितका थेंब हट्टी. अळूच्या पानावर हा फरक नगण्य, कारण पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांच्यावर मेणाची लव असते, थेंब जवळजवळ हवेवरच बसतो. गाडीचा पत्रा गुळगुळीत. गुळगुळीत पृष्ठभागावर कोणतंही रसायन लावा, कोन १२० च्या पलीकडे जात नाही आणि थेंब सहज निसटत नाही. तो तिथेच बसतो आणि वाळतो.

आमच्या सोसायटीत गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. थेंब वाळला की ते क्षार गोल पांढऱ्या डागात जमा होतात. वॅक्सच्या पट्ट्यांवर पाणी शंभर वेगळ्या मण्यांत उभं राहिलं आणि शंभर पांढरी कडी सोडून गेलं. धुतलेल्या, वॅक्स नसलेल्या पट्टीवरून पाण्याचा पडदा एकसंध खाली गेला, तिथे पुसट ओघळ तेवढे राहिले. म्हणजे ज्या गुणाला मासिक शाबासकी देतं तोच बोअरच्या पाण्यात डागांना कारण होतो. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्याच्या गावी हा प्रश्न येणार नाही. पाणी कुठलंही असो, गाडी धुतल्याबरोबर मायक्रोफायबरने टिपून घ्यायची.

थेंबाचं भिंग होऊन रंग जळतो, असं बरेच जण सांगतात. तो हिशेबही करून टाकू. गोल थेंबाच्या माथ्यातून शिरलेले किरण पाण्यात त्रिज्येच्या साधारण चौपट खोलीवर एकत्र येतात. १०५ अंशांच्या थेंबाची उंची त्रिज्येच्या सव्वापट. किरण एकत्र यायच्या आधीच पत्रा लागतो. डाग पडतो तो क्षारांचा, किंवा पक्ष्याच्या विष्ठेचा.

चकाकीच्या रकान्यावर मी फार रेंगाळणार नाही. क्लिअर कोटचा वक्रीभवनांक (त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप) सुमारे १.५, वॅक्सचा त्याहून किंचित कमी. सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ४ टक्केच परत येतो, वॅक्स लावलं तरी त्यात वाढ होत नाही. वॅक्स बारीक चरे बुजवतं, म्हणून जुनी गाडी उजळते आणि कोऱ्या गाडीवर फरक दिसत नाही. तेव्हा चाचणी कोऱ्या पत्र्यावर केली की जुन्या, हे विचारल्याशिवाय त्या गुणांना अर्थ नाही.

हवामानही विचारात घ्या. हे मासिक गाड्यांच्या चाचण्या घेतं ते कनेक्टिकट राज्यात, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बडोद्यात मे महिन्यात सावलीत ४३ अंश, गडद रंगाचं बॉनेट ७० पर्यंत तापू शकतं. मधमाशांचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. ब्राझीलच्या ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण ८२ ते ८६ ला. तिथला क्रम इथे तसाच राहील, असं गृहीत धरता येत नाही.

हल्ली मासिकं बाजूला पडली आहेत आणि ‘९एच सिरॅमिक’ लेपाची पाटी सगळीकडे आली आहे. हिऱ्याच्या खालोखाल कठीण, असं सांगून हजारो रुपये घेतात. ९एच ही पेन्सिलची श्रेणी आहे, चित्रकलेची पेन्सिल असते तीच. ९एच पेन्सिलीने चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिरा दहावर असतो ती खनिजांच्या कठीणपणाची मोहस श्रेणी वेगळी, आणि तिच्यात सातवर असलेला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, आपल्या रस्त्याच्या धुळीत भरपूर आहे. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की तोच क्वार्ट्झ ‘९एच’वर चरे काढतो. लोकांना असं फसवलं जातं याचा मला राग येतो. तसाच राग नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडून निश्चिंत होणाऱ्यांचाही येतो. दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक जरूर काढा, पण संध्याकाळी पुसा आणि टायरमधली हवा तपासून घ्या.

जूनमध्ये काका पुन्हा वर आले, तीच पानं घेऊन. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि टिकाऊपणाच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. चकाकीच्या रकान्याशी थांबून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिथेही रेघ आली. मग त्यांचं बोट प्लॅस्टिकच्या डागांच्या रकान्यावर आलं. “हा खरा ना?” हा खरा. वाळलेलं वॅक्स काळ्या खरखरीत प्लॅस्टिकच्या खाचांत पांढरं अडकून बसतं की नाही, हे डोळ्यांना दिसतं. ते कनेक्टिकटमध्ये जसं दिसेल तसंच बडोद्यात दिसेल. काकांच्या गाडीच्या दारांवर काळ्या पट्ट्या आहेत. त्यांनी त्या रकान्यात सगळ्यात चांगले गुण असलेल्या तीन नावांवर खुणा केल्या, त्यातलं सगळ्यात स्वस्त कोणतं ते मला विचारलं आणि पानं घडी करून खिशात ठेवली.